एकसष्ट माणसं

अंगठा सोडायला मला छप्पन्न वर्षं लागली, आणि महापौर झाल्यावर पहिल्याच महिन्यात तो परत मागितला गेला.

नगरसचिवांनी टेबलावर काडेपेटीएवढं काळं यंत्र ठेवलं. त्याच्या तोंडावर बोटाच्या आकाराची निळी काच होती.

"महापौर मॅडम, इथं उजवा अंगठा टेकवा."

"मला सही येते," मी म्हणाले.

ते हसले. "सही कुणीही मारू शकतं, मॅडम. अंगठा तुमचाच असतो."

मी टेकवला. खडी फोडून फोडून माझ्या बोटांवरच्या रेघा झिजल्या होत्या, त्यामुळं यंत्रानं तीनदा नाकारला. चौथ्यांदा घेतला. त्या दिवसापासून शहरात एक गोष्ट अशी झाली की ती माझ्याशिवाय कुणालाच करता येत नव्हती. आयुक्तांना नाही, मंत्र्यांना नाही.

महापौराच्या हातात खरं तर काही नसतं. सभेत उंच खुर्चीवर बसायचं, फिती कापायच्या, पाहुण्यांना शाल घालायची. हुकूम आयुक्तांचा चालतो आणि आयुक्तांना हुकूम मुंबईहून येतो. पण दोन मोठ्या पुरांनंतर सरकारनं नदीकाठानं आठ किलोमीटर भिंत बांधली आणि भिंतीत तीन पोलादी दारं बसवली. नदी भिंतीच्या ताकदीपलीकडं चढली तर एक दार उघडायचं, त्यामागच्या सखल भागात पाणी घ्यायचं, आणि बाकीचं शहर वाचवायचं. भिंत कुठंही फुटली असती तर पाणी सगळीकडं शिरलं असतं. दार उघडल्यावर ते एकाच जागी शिरणार होतं.

कुठलं दार, हे सांगायला जलप्रहरी नावाचं यंत्र होतं. त्याचा इंजिनिअर निनाद गोरे, पुण्याहून आलेला तरुण माणूस, त्यानं मला ते नीट समजावून सांगितलं. भिंतीच्या पोटातून काचेची केसाएवढी तार गेली होती. भिंत जरा वाकली, थरथरली, तर त्या तारेतला उजेड बदलायचा, आणि यंत्राला कळायचं की भिंत कुठं दमलीय. धरणातून किती पाणी सुटलं, ते किती वाजता पोचेल, हेही त्याला कळायचं. ही झाली पाण्याची बाजू.

"आणि माणसांची?" मी विचारलं.

"माणसं आम्ही मोबाइलवरून मोजतो, मॅडम. चालू असलेला प्रत्येक फोन दर थोड्या वेळानं टॉवरला सांगत असतो, मी इथं आहे. यंत्र कुणाचं नाव बघत नाही, फक्त आकडा बघतं. ज्यांच्याकडं फोन नसतो, लहान मुलं वगैरे, ती वॉर्डाप्रमाणे हिशेबात धरतं. कुठल्या दारामागं किती माणसं उरलीत, हे मिनिटामिनिटाला कळतं. जिथं कमी, ते दार."

"रोज मोजता?"

"नाही. कोर्टानं मनाई केलीय. लोकांवर पाळत ठेवल्यासारखं होतं ना. फक्त पुराचा इशारा असेल तेव्हाच मोजायचं आणि नंतर पुसून टाकायचं. सराव तीनदा झाला, सकाळी अकरा वाजता. लोक बाहेर निघाले तसा आकडा उतरला. एकदम बरोबर."

मग मी विचारलं, दार उघडायचं तर माझा अंगठा कशाला? निनादनं आयुक्तांकडं बघितलं. उत्तर आयुक्तांनी दिलं. "मॅडम, यंत्रावर खटला चालवता येत नाही."

*

तिसऱ्या दारामागं खाणमाळ होता. माझं घर तिथंच.

खाणमाळ म्हणजे जुनी दगडाची खाण. दगड संपला तसे मालक गेले, आम्ही वडार तिथंच राहिलो. वाडग्याच्या आत मुंग्या राहाव्यात तशी आमची घरं होती, काठापासून तळापर्यंत. तळाला समाजमंदिर. माझा मुलगा मारुती शेवटच्या सुरुंगात गेला तेव्हा त्याची बायको सानिका पाच महिन्यांची गरोदर होती. ती बारावी शिकलेली. वर्षभर रडली, आणि मग एक दिवस उठून म्हणाली, "आत्या, आपल्या वस्तीतली पोरं संध्याकाळी फोनवर असतात आणि बाया टीव्हीपुढं. मला रोज दीड तास पायजे, सगळ्यांचा."

तिनं तो घेतला. बंद पडलेल्या सूतगिरणीचा भोंगा बापू हणबरनं भंगारातून सोडवून आणला, समाजमंदिरावर चढवला. सात वाजता भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद. नुसता आवाज कमी नाही, फोन बंदच करायचा. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत रस्त्यावर कुणी दिसायचं नाही. पोरं अभ्यासाला, आणि ज्या बायांना अक्षर येत नव्हतं त्या सानिकापुढं पाटी घेऊन. सूट फक्त मयत झालेल्या घराला.

मी पहिल्या दिवशी 'श' काढला तो बेडकासारखा झाला. सानिका म्हणाली, "आत्या, दगड फोडल्यासारखं नका करू. पेन्सिल काय पळून जात नाही."

तीन महिन्यांनी मी नाव लिहिलं. दोन वर्षांत वर्तमानपत्र वाचू लागले. भोंग्याची बातमी झाली, मंत्री बघायला आले, माझा फोटो छापला गेला आणि मी 'भोंगेवाली बाई' झाले. पक्षाचे आप्पासाहेब इंगवले स्वतः वस्तीत आले. त्यांनी भोंग्याला नवी मोटार दिली आणि मला तिकीट. मी नगरसेविका झाले.

नगरसेविका म्हणून मी माझ्या हातानं पहिला अर्ज लिहिला, तो भोंग्यासाठीच. भिंतीचं काम चालू होतं आणि प्रत्येक दारामागं पुराचा इशारा द्यायला मोठा सायरन बसणार होता. एका संध्याकाळी तो वाजवून बघितला आणि पोरं दप्तरं मिटून पळाली, वर्ग सुटला म्हणून. मी लिहिलं: 'आमच्या वस्तीत एक भोंगा आहे. दुसरा नको. मुलांचा गोंधळ होतो. पुराचा इशारा मोबाइलवर द्यावा. आपली विश्वासू, शालन धोंडीराम आलकुंटे.' सानिकानं एकही चूक काढली नाही. अर्ज मंजूर झाला. त्याची प्रत मी काच लावून भिंतीवर टांगली होती.

अडीच वर्षांनी महापौरपद महिलेला सुटलं. पक्षात तीन बाया इच्छुक होत्या, तिघींच्या मागं तीन माणसं. भांडण मिटेना म्हणून आप्पासाहेबांनी माझं नाव काढलं, कारण माझ्या मागं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढं सरकवला. राजीनामा होता. तारखेची जागा कोरी.

"रीत आहे, शालनताई. सव्वा वर्ष तुम्ही, सव्वा वर्ष दुसऱ्या. तारीख मी टाकीन."

मी वाचला, एकेक अक्षर. मग सही केली. त्या दिवशी मला वाचता येत होतं याचाच आनंद मोठा होता.

*

महापौर बंगल्यात सात खोल्या होत्या. मी सानिकाला म्हणाले, "ओवीला घेऊन ये. पोरगी नऊ वर्षांची झाली, तिला स्वतःची खोली मिळंल."

"बंगला सव्वा वर्षाचा आहे, आत्या. माझा वर्ग रोजचा आहे."

"मग मी संध्याकाळी येत जाईन वर्गाला."

"याल तेव्हा बघू," ती म्हणाली.

पहिल्या महिन्यात चारदा गेले. मग दोनदा. मग संध्याकाळी सात म्हणजे कुठल्या तरी हॉलमध्ये समई पेटवायची वेळ झाली. ओवी फोनवर विचारायची, "आजी, तुझा फोन सातला बंद असतो का?" मी म्हणायचे, "असतो." खोटं. तो एक मिनिट बंद ठेवायची मला मुभा नव्हती. आप्पासाहेबांचा फोन कधीही यायचा.

*

ऑगस्टच्या सतरा तारखेला दुपारी चार वाजता वरच्या धरणाचे दरवाजे अचानक उघडावे लागले. इशारा झाला; लोकांना 'सावध राहा' एवढाच मेसेज गेला, घर सोडायचा नाही. मला गाडीनं नियंत्रण कक्षात नेलं. भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीखाली, बिनखिडकीची खोली होती. तिथं दिवस आणि रात्र सारखीच.

मोठ्या पडद्यावर तीन चौकोन होते. पहिल्या दारामागं जुनी पेठ, सहा हजार माणसं. दुसऱ्यामागं विद्यानगर, आप्पासाहेबांचं कॉलेज, त्यांचं हॉस्पिटल, नवे बंगले. हॉस्पिटल आणि वसतिगृह दुपारीच रिकामं केलेलं, तरी अकराशे माणसं. तिसऱ्यामागं खाणमाळ, दोन हजार तीनशे बारा.

सहा पस्तीसला विद्यानगरचा चौकोन लाल झाला.

"यंत्र म्हणतंय दुसरं दार," निनाद म्हणाला. "अंगठा दिल्यावर तिथल्या सगळ्यांना मेसेज जातो आणि अर्ध्या तासानं दार उघडतं. अकराशे माणसं आहेत, गाड्या आहेत, रस्ता रुंद आहे. आरामात निघतील, मॅडम. इमारतींचं नुकसान होईल, माणूस एकही जाणार नाही."

मी अंगठा पुढं केला. तेवढ्यात फोन वाजला.

"काय म्हणतंय यंत्र, शालनताई?" आप्पासाहेबांचा आवाज नेहमीसारखा मऊ.

"दुसरं दार."

"हं. भिंत किती वेळ धरेल?"

मी निनादला विचारलं. तो म्हणाला, साडेआठपर्यंत धोका नाही, त्यानंतर सांगता येत नाही.

"मग घाई कशाला करता? चाळीस वर्षं घातलीत मी त्या कॉलेजात. अर्धा तास थांबा. आकडे बदलतात. माणसं हलतात."

"आप्पासाहेब, यंत्र..."

"यंत्राला कुणी महापौर केलेलं नाही, आणि तुम्हाला यंत्रानं केलेलं नाही. तुमचा कागद माझ्या कपाटात आहे, बाई. अर्धा तास. मी जास्त मागत नाही."

मी अंगठा मागं घेतला. आयुक्त समोरच उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि चष्मा पुसायला लागले.

आम्ही थांबलो. कुणी तरी चहा आणला. मी पडद्याकडं बघत होते. सात वाजून गेले असतील, खाणमाळचा आकडा हलायला लागला. दोन हजार तीनशे. अठराशे. नऊशे. उतारावर सोडलेल्या गाडीसारखा तो खाली आला आणि एकसष्टवर येऊन थांबला.

विद्यानगरचा चौकोन हिरवा झाला. खाणमाळचा लाल.

"निघाले लोक," निनाद म्हणाला. मग त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "पाच मिनिटांत दोन हजार माणसं? सरावात तासभर लागला होता."

"माझ्या वस्तीची माणसं आहेत," मी म्हणाले. "पळायची सवय आहे त्यांना."

हे मी म्हणाले. आजही मला माझा तो आवाज ऐकू येतो, त्यात थोडा अभिमान होता.

तरी मी सानिकाला फोन लावला. बंद. बापूला लावला. बंद. आणखी चार घरांना लावले, सगळे बंद.

"टॉवरच्या बाहेर गेले असतील," आयुक्त म्हणाले. "घाटाच्या बाजूला रेंज नसते."

"माणूस पाठवून बघा," मी म्हणाले. "बघितल्याशिवाय मी अंगठा देणार नाही."

वायरलेसवरून निरोप गेला. रस्ते तुंबलेले, पोलीस शिपायाला खाणमाळच्या काठावर पोचायला वीस मिनिटं लागली. त्याचा आवाज खरखरत आला, "सर, वरून बघतोय. रस्त्यावर कुणी नाही. एकदम शांत. टीव्हीचासुद्धा आवाज नाही."

"घरात दिवे?" मी ओरडून विचारलं.

"दिवे आहेत, मॅडम. घाईत तसेच सोडून गेलेले दिसतात."

तो शिपाई शहरात नवा होता. मी नव्हते.

चौकशीत मला विचारलं, त्या क्षणी तुम्हाला भोंगा कसा आठवला नाही? मी सांगितलं, खोलीला खिडकी नव्हती, घड्याळात एकोणीस, वीस असे आकडे होते, गडबड होती. ते सगळं खरं आहे, पण ते कारण नव्हे. सव्वा वर्ष होत आलं होतं, माझ्या अंगातून तो भोंगा गेला होता. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट आहे, ती मी चौकशीत सांगितली नाही. मला तो आकडा हवा होता. एकसष्ट दिसला तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. यंत्र आणि आप्पासाहेब एकच बोलत होते. मला कुणाशी भांडायचं राहिलं नव्हतं.

पावणेआठला त्यांचा पुन्हा फोन आला. "बघा, बदलले की नाही आकडे? उघडा आता. भिंत फुटली तर शहर तुम्हाला माफ करणार नाही."

सात पंचावन्नला मी अंगठा टेकवला. पहिल्याच खेपेला घेतला.

*

मेसेज गेले. जे फोन चालू होते त्यांच्यावर पोचले. बाकीचे टॉवरवर थांबून राहिले.

चालू फोन कुणाचे होते हे नंतर कळलं. वस्तीच्या काठावर दारूचा गुत्ता होता. भोंगा न पाळणारे बेचाळीस जण तिथं बसलेले. यंत्रानं त्यात नसलेली पोरं धरून एकसष्ट केले होते. त्यांना मेसेज आला, ते वर पळाले, सगळे वाचले. त्यातला एक दगडू धोत्रे मात्र खाली आला. दारं बडवत, ओरडत फिरला, "पाणी येतंय, बाहेर या!" लोकांनी आतून शिव्या दिल्या. अभ्यासाच्या वेळी प्यायलेल्या माणसाला कुणी दार उघडत नाही, असा नियम होता. नियम माझाच.

आठ पंचवीसला दार उघडलं. खोलीतल्या जमिनीला कंप आला. भिंतीवरचा ताण उतरला तशी पडद्यावरची रेघ खाली आली. आयुक्तांनी निनादच्या पाठीवर थाप मारली. कुणी तरी म्हणालं, "शहर वाचलं."

खाणमाळचा आकडा आता चार होता.

साडेआठला तो सात झाला. मग चाळीस. मग तीनशे.

निनाद खुर्चीतून उठला. "हे काय? माणसं परत कशी येतील?"

अकराशे. सतराशे. आकडा चढतच होता, आणि तेव्हा, काँक्रीटमधून, इतक्या खालीसुद्धा, मला तो ऐकू आला. बारीक, लांबचा. भोंगा. दीड तास संपल्याचा.

मी काय ओरडले मला आठवत नाही. निनाद सांगतो की मी म्हणत होते, "बंद करा, घरातच आहेत." त्यानं कळा दाबल्या. दार चार मीटर वर होतं आणि खालून नदी जात होती. पाण्याच्या तेवढ्या रेट्यात ते खाली येत नाही, पाऊण तास तरी. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

माझा फोन वाजला. सानिका.

"आत्या, मेसेज आलाय. महापौर शालन आलकुंटे यांच्या आदेशानं. खरा आहे का?"

"खरा आहे. पोरी, वर पळ. आत्ता."

मागं पोरांचा गलका होता, दप्तरं भरायचा.

"समाजमंदिरात सत्तर पोरं आहेत," ती म्हणाली. "वर पळायला वेळ आहे का, तेवढं खरं सांगा."

मी पडद्याकडं बघितलं. "नाही."

"मग छतावर घेते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भोंगा थांबला नाही. बापू हणबरनं पाणी बघितलं होतं. तो वाजवतच राहिला, लागोपाठ, मोटारीत पाणी जाईपर्यंत. त्या आवाजानं वरच्या दोन रांगांतली घरं बाहेर आली आणि वाचली. आवाज थांबला तेव्हा पडद्यावर आकडा दोन हजार एकशे नव्वद होता. मग तो उतरायला लागला. या वेळी हळूहळू. एकेक. कुणी वर गेलं म्हणून, कुणी पाण्यात गेलं म्हणून. यंत्राला त्यातला फरक कळत नव्हता, आणि बघणाऱ्या आम्हालाही.

*

दोनशे चौदा माणसं गेली. सानिकानं समाजमंदिराच्या छतावर एकेक पोर चढवलं. ओवी तिसरी. सानिकानं तिच्या हातात आपला फोन दिला, टॉर्च लावून धर म्हणाली, म्हणजे मला पोरं दिसतील. ओवीनं तो उजेड धरला. सत्तरातली चौसष्ट वर आली. पासष्टाव्याला उचलताना सानिका उजेडातून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा राजीनामा वर्तमानपत्रात होता. तारीख सुबक अक्षरात घातलेली.

चौकशी समिती अकरा महिने बसली. यंत्र निर्दोष ठरलं, कारण त्यानं नियमाप्रमाणे मोजलं. तीन बैठका एकाच प्रश्नावर गेल्या: अधिकृत नोंदीनुसार दारामागं एकसष्ट माणसं होती, तर मृत दोनशे चौदा कसे? शेवटी अहवालात लिहिलं की एकशे त्रेपन्न व्यक्ती 'नोंदीबाह्य' होत्या. माझा अर्ज पुराव्यात होता, काचेसकट. अध्यक्षांनी विचारलं, "हे अक्षर तुमचं?" मी म्हणाले, "व्हय."

आप्पासाहेबांच्या दोन फोनांची नोंद निघाली. त्यांनी सांगितलं, "एका अननुभवी भगिनीला मी धीर दिला." मी समितीपुढं विचारलं, "अर्धा तासच का? वीस मिनिटं का नाही, तास का नाही? ह्यांनी आमच्या भोंग्याला मोटार दिलीय. सात वाजता काय होतं ते ह्यांना ठाऊक होतं."

"तसा काही पुरावा?" अध्यक्ष म्हणाले.

नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही ते ठाऊक होतं. आमच्या दोघांपैकी एकाला आठवलं आणि एकीला नाही, किंवा कुणालाच आठवलं नाही. आप्पासाहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. बाहेर जाताना नव्या महापौरबाई त्यांच्या पाया पडल्या. त्या बाईंचाही अंगठा त्या आठवड्यात घेतला होता.

*

आता मी आणि ओवी विस्थापितांच्या इमारतीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. ही जागाही पहिल्या दाराच्या टप्प्यात येते. तीन दारांपैकी कुठल्या तरी टप्प्यात येणारच.

भोंगा आता कुठंच नाही. शहरात कुणी फोन बंद करत नाही. झोपताना नाही, देवळात नाही, मयतीला नाही. उलट माणसं जास्तीचे फोन घेतात. पेठेतल्या एका घरात चार माणसं आणि अकरा फोन, सगळे चार्जिंगला. विद्यानगरात प्रत्येक बंगल्यात एक खोलीच तशी असते म्हणतात. निनाद नोकरी सोडण्याआधी भेटायला आला होता. तो म्हणाला, "मॅडम, आता यंत्राच्या दृष्टीनं या शहरात साडेनऊ लाख माणसं आहेत. खरी चार लाख. ज्याच्याकडं जास्त फोन तो जास्त माणूस. पुढच्या पुरात पाणी कुठं जाईल माहीत आहे? जिथं माणशी एकच फोन आहे तिथं."

"मग सांग की सरकारला."

"सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं." तो जिन्यात थांबला. "तुम्ही अजून वाचता का काही?"

"वाचते. ओवीचा अभ्यास घेते."

आमच्या घरात माणसं दोन आणि फोन तीन आहेत. तिसरा सानिकाचा. त्याची काच तडकलीय पण तो चालतो. ओवी रोज शाळेतून आली की आधी तो बघते. चार्जिंग पन्नासच्या खाली गेलं तर जेवत नाही.

परवा संध्याकाळी ती गणितं करत होती. तिन्ही फोन शेजारी. सारखं काही ना काही वाजत होतं, पोरीचं लक्ष लागत नव्हतं. मी भिंतीवर बघितलं, सात वाजले होते. माझा हात आपोआप पुढं गेला. सानिकाच्या फोनची कळ मी दाबून धरली. पडद्यावर आलं: बंद करायचा?

मला निनादचं बोलणं आठवलं. हा तिसरा आकडा खोटा आहे. या खोट्याच्या वजनानं एक दिवस पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी दाराकडं वळेल, जिथं एखादी बाई एकाच फोनवर पोर वाढवते. हे मला शहरातल्या कुणाहीपेक्षा जास्त समजतं. मी अंगठा त्या काचेवर नेला.

"आजी," ओवी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "नको. बंद केलास तर आईला मोजणार नाहीत."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं पेन्सिल इतकी घट्ट धरली होती की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

मी अंगठा उचलला. फोन पुन्हा चार्जिंगला लावला, आणि तिचं पुढचं गणित वाचून दाखवायला घेतलं.